रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज आणि हार्मोनचा रिपोर्ट

पन्नाशीच्या आसपास रक्ततपासणी करून घेतलेल्या अनेक भगिनींच्या रिपोर्टमध्ये एफएसएच आणि इस्ट्राडिओल या दोन हार्मोनचे आकडे असतात. एफएसएच वाढलेले दिसले की घरची मंडळी घाबरतात. आकडा ‘नॉर्मल’ आला तर हाडेही मजबूत आहेत असे धरून चालतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांतील दुसरी अधिक घातक आहे.

हाडात आयुष्यभर मोडतोड व बांधणी चालू असते. काही पेशी जुने हाड झिजवतात, तर काही नवे भरतात. झिजविणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या हार्मोनचा लगाम असतो. रजोनिवृत्ती आणि हाडांचा ठिसूळपणा यांचा हा संबंध अमेरिकेतील डॉ. फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिला. बीजांडकोशाचे काम मंदावले की इस्ट्रोजेन घटते आणि त्याला पुन्हा कामाला लावण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच अधिक सोडू लागते. म्हणून या वयात ते वाढणे स्वाभाविकच होय.

परंतु त्या आकड्यावरून झीज मोजता येत नाही. पाळी अनियमित होण्याच्या काळात एफएसएच एका महिन्यात चढते, तर दुसऱ्या महिन्यात उतरते. आणि हाडांची वेगवान झीज तर शेवटच्या पाळीच्या सुमारे वर्षभर आधीच सुरू होते. शिवाय तरुणपणी हाडांचा साठा किती झाला होता, हे या रिपोर्टला ठाऊक नसते. टाकी गळते आहे एवढे तो सांगेल. आत पाणी किती उरले ते सांगणार नाही.

त्यासाठी डेक्सा ही हाडांची घनता मोजणारी तपासणी आहे. कंबरेचे मणके व खुबा यांची घनता तरुण स्त्रीच्या सरासरीशी ताडून ‘टी-स्कोअर’ काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजतात. पासष्टीनंतर ही तपासणी करावी. किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असेल किंवा आईचा खुबा मोडला असेल, तर त्याआधीच. घनता कमी निघाली तर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड यांच्या रक्ततपासण्या कारण शोधण्यास उपयोगी पडतात.

हार्मोनची तपासणी मात्र अगदीच निरुपयोगी नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ती अवश्य करावी. गर्भाशय काढले पण बीजांडकोश ठेवले, अशा स्त्रीला पाळीवरून रजोनिवृत्ती कळत नाही. तेथेही ती मदत करते. आणि दोन्ही बीजांडकोश काढले असतील तर रिपोर्टची वाट पाहण्याचे कारणच नाही, झीज त्या दिवसापासूनच वेग घेते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये ऐन तरुणपणी काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. अशा शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, हे पुष्कळ भगिनींना सांगितलेलेच नसते. रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद असते. ते कार्ड जपून ठेवावे, विद्यार्थिनींनी घरातील आई-मावशीला ते वाचून दाखवावे आणि हाडांच्या तपासणीला जाताना डॉक्टरांपुढे आधी तेच ठेवावे.