मोरीतल्या माश्या : औषध नको, ब्रश हवा

कोल्हापुरात पावसाळा लागला की मोरीच्या भिंतीवर बारीक, केसाळ, करड्या माश्या दिसू लागतात. त्या चावत नाहीत. त्यांच्या अळ्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढतात; म्हणून नुसत्या माश्या मारून उपयोग नाही. जाळी काढून आतला थर ब्रशने खरवडावा, वर गरम पाणी ओतावे. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तोवर दर चार दिवसांनी हे करावे. रात्री मोरी कोरडी ठेवावी.

अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर मात्र कधीही एकत्र टाकू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो. चुकून तसे झाल्यास लगेच मोकळ्या हवेत यावे. खोकला, धाप लागल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.