पुरेशी मात्रा किती?

विदर्भात मौद्यापासून भंडाऱ्यापर्यंत कुठल्याही पानठेल्यावर तंबाखू, सुपारी नि चुना घोटून केलेला खर्रा मिळतो, आणि त्यातून होणारा तोंडाचा कर्करोग एकदा उलटला किंवा पसरला की रुग्णाच्या हाती थोडेच महिने राहतात. अशा रुग्णांसाठी गेल्या दशकभरात प्रतिपिंड औषधे आली. त्यांची कथा सांगताना १९७५ मधले कोहलर आणि मिलस्टाइन यांचे प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र येते, २०१८ चे होंजो आणि अ‍ॅलिसन यांचे नोबेल येते. मात्रेची कथा मात्र मागे राहते. माझ्या मते औषध गरिबापर्यंत का पोचले नाही याचे एक मोठे कारण तिथेच आहे, सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये.

केमोच्या औषधांची पहिल्या टप्प्यातली चाचणी सोपा हिशेब धरून चालते: डोस वाढवत न्या, शरीर सोसेनासे झाले की एक पायरी खाली या. विष जितके जास्त, तितक्या पेशी मरणार. प्रतिपिंडाचे काम वेगळे. ते पेशीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते. जागा भरल्यावर जादा औषधाला फारसे काम उरत नाही. निव्होलुमॅब या प्रतिपिंडाच्या चाचण्यांत हे दिसलेही होते. २०१० मध्ये ३९ रुग्णांवरचे निष्कर्ष आले, २०१२ मध्ये २९६ रुग्णांवरचे. वजनाच्या दर किलोमागे ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत डोस देऊनही सोसण्याची मर्यादा लागली नाही, आणि प्रतिकारपेशींवरच्या जागा खालच्या डोसलाही जवळपास तितक्याच भरल्या. तरी ३ मिलिग्रॅमचा डोस रूढ झाला आणि २०१६ मध्ये अमेरिकेत दर दोन आठवड्यांना सरसकट २४० मिलिग्रॅम मान्य झाले. याला काहीच आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. फुप्फुसाच्या कर्करोगात १ मिलिग्रॅमपेक्षा ३ मिलिग्रॅमला जास्त रुग्णांनी प्रतिसाद दिला होता. पण ते गट विसेक रुग्णांचे होते, आणि १० मिलिग्रॅमला प्रतिसाद पुन्हा कमीच दिसला. एवढ्या पुराव्यावर जगभराची मात्रा ठरली.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. मान्य डोसची महाग इम्युनोथेरपी (ही प्रतिपिंडे त्यातलीच) गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या जेमतेम १ ते ३ टक्के रुग्णांना मिळते, ही त्यांची सुरुवात होती. डोके आणि मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब ही तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे दिली. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर मान्य मात्रेचा हा अठरावा भाग. वर्षअखेर पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की तुलना पूर्ण डोसशी झालीच नाही. आक्षेप खरा आहे. २० मिलिग्रॅम २४० च्या तोडीचे आहे, हे या चाचणीने सिद्ध होत नाही. पण या रुग्णांपैकी बहुतेकांपुढे पूर्ण डोसचा पर्याय नव्हताच. त्यांच्यासाठी निवड थोडे औषध की शून्य औषध अशी होती, आणि तिचे उत्तर चाचणीने स्पष्ट दिले. दुसरा आक्षेप नीतीचा: गरिबाला कमी डोस, श्रीमंताला पूर्ण, ही दुय्यम वागणूक नव्हे का? जादा डोसचा जादा फायदा दाखवणारा पुरावा भक्कम असता तर मीही तसेच म्हटले असते. तो पुरावाच तोकडा आहे. कर्करोगाच्या नव्या औषधांत सोसेल तितका डोस धरण्याची सवय मोडावी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केला, तो काही गरिबांची सोय म्हणून नव्हे.

मौद्याच्या रुग्णाला नागपूर दूर नाही. तिथे कर्करोगासाठी राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोघांचा डोस बसतो, म्हणजे दोघांना एकाच दिवशी बोलावले की कुपी वाया जात नाही. उरते ती २० विरुद्ध २४० अशी समोरासमोरची मोठी चाचणी. कमी औषध पुरते हे दाखवण्यासाठी कुठलीही कंपनी पैसे घालणार नाही, म्हणून तिचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हायला हवा, आणि तिच्यात विदर्भातले खर्रा खाणारे रुग्ण हवेत.