पासोडी आणि मेंदू

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर 'पंचीकरण' लिहिले. हीच त्यांची 'पासोडी'. आम्हाला तो भला मोठा शैक्षणिक तक्ताच वाटतो. देह आणि मन कशाकशाचे बनले, हा त्याचा विषय. पंचीकरणात अंतःकरण, मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे निरनिराळे घटक मानतात.

ही विभागणी मनात डोकावून केलेली. मेंदूविज्ञानाची वाट वेगळी. मेंदूचा एखादा भाग निकामी झाला, तर काय जाते आणि काय उरते, हे ते पाहते.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर फेफऱ्यावरचा इलाज म्हणून शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. झटके कमी झाले, पण नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक चुका कमी होत गेल्या. पण आपण हे पूर्वी केले आहे, हे मात्र त्याला आठवत नसे!

म्हणजे स्मृती ही एकच एक शक्ती नव्हे. मग 'आठवणारा मी' तरी एकसंध कसा? मात्र मेंदूतल्या घडामोडींची जाणीव मुळात होते कोणाला आणि का, हा वेदान्त्यांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

वर्गात मात्र एवढे नक्की करता येईल. पाढे विसरणाऱ्या मुलाला 'याच्या डोक्यात काही राहत नाही' असे म्हणण्यापूर्वी आपण स्वतःला विचारू या : काय राहत नाही, आणि काय राहते?