शब्द पोहोचला, तरच सेवा पोहोचली
एकट्या गायकाने मिक्सर कसा निवडावा?

श्रीगणरायाच्या आगमनाची चाहूल लागली, की घरोघरी मखरांची तयारी सुरू होते आणि मंडपामंडपांतून भक्तिगीतांच्या कार्यक्रमांची आखणी होऊ लागते. या कार्यक्रमांचे स्वरूप आता बरेच पालटले आहे. पूर्वी गायकाभोवती पेटीवादक, तबलजी, टाळकरी असा गोतावळा असे. आज अनेक सोसायट्यांतून आणि लहान देवळांतून एकच गायक वा गायिका स्वतः पेटी वाजवीत, शेजारी विद्युत तंबोरा व तबल्याचे यंत्र ठेवून, एकट्यानेच सेवा रुजू करताना दिसतात.

गेल्या वर्षी अशाच एका मंडपात आम्ही श्रवणाला बसलो होतो. गळा गोड, अभंगांची निवडही सुरेख. परंतु यंत्राचा तबला इतका वरचढ झाला, की मागच्या रांगेत एकही चरण धड उमगेना. मध्येच स्पीकरने कर्कश शीळ घातली आणि डोळे मिटून बसलेल्या वृद्ध माउल्या दचकून उठल्या. गायकाला मात्र याची कल्पनाच नव्हती; कारण त्याचा आवाज त्याच्याच कानी पडत नव्हता. दोष गळ्याचा नव्हता, घाईने आणलेल्या मिक्सरचा होता.

मिक्सर म्हणजे निरनिराळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणारे यंत्र. मंडपभर आवाज पोहोचविण्याचे काम त्यापुढील अँप्लिफायर व स्पीकरचे. म्हणून पहिला प्रश्न असा, की जुळवावयाचे आवाज किती? गळ्याला एक माईक, पेटीला दुसरा. तंबोरा आणि तबला यांना माईक नको, त्यांची तार थेट ‘लाइन’च्या तोंडात जाते. आरतीला यजमानांच्या हाती एखादा माईक द्यावयाचा, तर तिसरा.

येथेच ग्राहक फसतो. खोक्यावरील ‘दहा चॅनेल’ म्हणजे दहा माईक नव्हेत. स्टिरिओ चॅनेल दोन म्हणून मोजले जातात. यामाहाच्या एमजी१०एक्सयू या दहा चॅनेलच्या मिक्सरला माईक लागतात चारच. सहा चॅनेलच्या एमजी०६ ला केवळ दोन. तेव्हा आकड्याला न भुलता माईकची तोंडे स्वतः मोजावीत. एकट्या गायकाला तीन-चार पुरेशी होतात.

दुसरी गोष्ट हातांची. पेटी वाजविणाऱ्याचा डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असतो. गाणे चालू असता मिक्सरला लावावयास हात उरतोच कोठे? म्हणून एकदा जुळवून ठेवले, की पुन्हा हात लावावा लागू नये, असाच मिक्सर निवडावा. बटणे मोजकी, एकमेकांपासून दूर आणि मंद प्रकाशातही ओळखू येणारी हवीत.

तिसरी गोष्ट स्वतःला ऐकण्याची. गायकासमोरील लहान स्पीकरला वेगळा आवाज देण्यासाठी ‘ऑक्स’ नावाची वाट असते. ती ‘प्री-फेडर’ असावी. म्हणजे श्रोत्यांकडील आवाज कमी केला, तरी गायकाच्या कानी पडणारा तसाच राहतो. अगदी लहान मिक्सरांत ही सोय बहुधा नसते, विचारून घ्यावे. ‘लो-कट’चे बटणही असावे. माईकचा दणका आणि पंख्याची घरघर त्याने कमी होते व शब्द स्वच्छ उमटतात. घुमाऱ्याची, म्हणजे ‘रिव्हर्ब’ची सोय गाण्याला शोभा आणते, पण निरूपण करताना तोच घुमारा शब्द गढूळ करतो. तो चटकन बंद करता येतो की नाही, हे पाहावे.

कंडेन्सर जातीच्या माईकला ४८ व्होल्टचा ‘फँटम’ पुरवठा लागतो. साध्या डायनॅमिक माईकला लागत नाही. लहान मिक्सरांत हे बटण बहुधा सर्व माईकांना मिळून एकच असते. म्हणून तंबोऱ्याची वा फोनची तार माईकच्या तोंडात कधीही लावू नये. स्पीकर दूर असतील, तर मिक्सरमधून बाहेर पडणारी जोडणी ‘बॅलन्स्ड’ असावी; लांब तारेतही गुणगुण शिरत नाही.

खरेदीला जाताना आपली पेटी, माईक व तंबोरा बरोबर न्यावा आणि दुकानातच एक अभंग म्हणून पाहावा. सोबत्याला दूर उभे करून शब्द कळतो का, ते विचारावे. गळ्याचा आवाज आधी लावावा. बाकीचे सारे त्याच्या खाली. लाल दिवा लागू लागला, तर ‘गेन’ उतरवावा.

शेजारधर्मही विसरू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई आहे. सणांसाठी राज्य शासन वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. ती कोणत्या दिवशी आहे, याची खात्री करून घ्यावी.

नामाला मोठा आवाज लागत नाही, स्पष्ट शब्द लागतो. यंदाच्या उत्सवात मागच्या रांगेतील शेवटच्या माउलीच्या कानी तो शब्द जसाच्या तसा पडो, हीच विघ्नहर्त्याच्या चरणी आमची प्रार्थना.