तेल कोणाचे, हिशेब कोणाचा?

देशाचे तेल परकीय कंपनीच्या हाती गेले, असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय गेलेले असते? जमीन जागच्या जागी असते. तिच्यावरचा झेंडाही देशाचाच असतो. वतनाच्या जमिनी ज्यांच्या घराण्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे फोडून सांगायला नको. कागदावर नाव एकाचे आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. इराणच्या तेलाचा इतिहास कार्यकर्त्यांनी या नजरेने वाचावा.

1901 साली इराणच्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी या भांडवलदाराला उत्तरेकडील पाच प्रांत वगळून साऱ्या देशातील तेलाचा मक्ता साठ वर्षांसाठी दिला. मोबदला वीस हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे भाग आणि निव्वळ नफ्याचे 16 टक्के. 1908 साली मस्जिद सुलेमान येथे तेल लागले. 1914 साली खुद्द ब्रिटिश सरकारनेच कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले.

सगळी मेख 'निव्वळ नफा' या दोन शब्दांत होती. नफा किती झाला हे कंपनी सांगणार, तिच्या वह्या लंडनला राहणार आणि ब्रिटिश आरमाराला तेल स्वस्तात मिळणार! आरमाराला जितके स्वस्त, तितका नफा कमी; नफा कमी म्हणजे इराणचा वाटाही कमी. 1933 साली नवा करार होऊन दर टनामागे स्वामित्वशुल्क ठरले, पण मुदत 1993 पर्यंत लांबली. 1950 साली या कंपनीने ब्रिटनच्या तिजोरीत करापोटी सुमारे 5 कोटी पौंड भरले. इराणला मिळाले सुमारे 1 कोटी 60 लाख.

आबादानच्या शुद्धीकरण कारखान्यात माणसांचीही उतरंड होती. साहेबांची ब्रेम नावाची बागबगीच्यांची वसाहत, मधल्या पायरीवर हिंदुस्थानातून नेलेले कारकून व कारागीर, तळाशी इराणी मजूर. त्यांच्या एका झोपडवस्तीचे नावच कागझाबाद, म्हणजे कागदाची वस्ती. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले तिची ही परदेशी आवृत्ती. मधल्या पायरीवरचा हिंदी कामगार मात्र गप्प बसला नाही. 1920 आणि 1922 साली त्याने संप केले आणि अनेकांना त्यापायी मायदेशी परत धाडण्यात आले.

1951 साली मोसद्देक यांनी तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटनने इराणी तेलाची कोंडी केली. ऑगस्ट 1953 मध्ये अमेरिका व ब्रिटनच्या हेरखात्यांनी घडवलेल्या उठावात मोसद्देक पदच्युत झाले. 1954 च्या करारात तेल इराणच्याच नावे ठेवले गेले, नफाही निम्मानिम्मा. परंतु तेल किती काढायचे हे परकीय कंपन्यांचा संघ ठरवणार, आणि त्याच्या वह्या इराणी तपासनिसांना बंद! नाव आणि ताबा यांतील फरक याहून स्पष्ट कसा दाखवावा?

आबादान बंद पडल्याचा धक्का मुंबईलाही बसला. ट्रॉम्बेला 1954 मध्ये अमेरिकन व 1955 मध्ये बर्मा-शेल कंपनीचा कारखाना उभा राहिला तो पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण न करण्याच्या हमीवर. 1960 साली भारत सरकारला स्वस्त सोव्हिएत तेल मिळत होते. ते शुद्ध करण्यास या कंपन्यांनी साफ नकार दिला. कारखाना आपल्या भूमीवर, मजूर आपले, पण कोणते तेल गाळायचे हा निर्णय परक्यांचा! एस्सो 1974 साली आणि बर्मा-शेल 1976 साली सरकारने ताब्यात घेतल्या.

मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही मांडणी बाबासाहेबांनी 1947 सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये केली होती. आपल्या दृष्टीने राष्ट्रीयीकरणाचा प्रत्यक्ष अर्थ असा, की बर्मा-शेलची भारत पेट्रोलियम झाली आणि तिच्या भरतीला आरक्षण लागू झाले. खासगी मालकावर, मग तो देशी असो की विदेशी, तसे बंधन नाही.

2003 साली सर्वोच्च न्यायालयाने ही कंपनी संसदेच्या संमतीवाचून विकता येणार नाही असे सांगितले होते. त्या निर्णयाचा आधार असलेला 1976 चा कायदा 2016 साली संसदेने इतर अनेक जुन्या कायद्यांच्या गठ्ठ्यात रद्द केला. पुढे सरकारने आपला हिस्सा विकायला काढला. मे 2022 मध्ये ती विक्री मागे घेण्यात आली, तीही इच्छुक खरेदीदारच मागे हटले म्हणून.