सर्वांसाठी महाविद्यालय : कॅलिफोर्नियाने दिलेला शब्द

बारावीचा निकाल लागला की घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. प्रवेश मिळेल का? आणि मिळालाच, तर पैसे कुठून आणायचे? घर दिल्लीतले असो की धुळ्यातले, आई-वडिलांची झोप उडवणारे प्रश्न हेच. मुले प्राथमिक शाळेत पाटी-पुस्तक घेऊन जात असतानाच या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देऊन ठेवण्याचा प्रयत्न एका राज्याने केला होता. ते राज्य अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि ते वर्ष १९६०.

'मास्टर प्लॅन फॉर हायर एज्युकेशन' या नावाने ही योजना जगभर गाजली. महाराष्ट्रातील विद्यापीठेही नवी महाविद्यालये कुठे हवीत याचा पंचवार्षिक 'बृहत् आराखडा' करतात. पण कॅलिफोर्नियाचा आराखडा केवळ इमारती कुठे बांधायच्या एवढ्यापुरता नव्हता. राज्यातल्या कोणत्या मुलाला कुठे जागा मिळेल आणि त्याला किती पैसे पडतील, हे त्यात पंधरा वर्षे पुढचा विचार करून ठरवले होते. त्यातला जागेचा शब्द बराचसा पाळला गेला. पैशाचा शब्द मात्र हळूहळू निसटला.

लाट येणार होती

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मुलांची संख्या झपाट्याने वाढली. त्यातच नोकरी, ऊन आणि मोकळी जमीन यांच्या ओढीने देशभरातली कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली. ही मुले मोठी झाली की कॉलेजच्या दारात उभी राहणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. १९५८ मध्ये राज्यात पूर्णवेळ विद्यार्थी सुमारे सव्वादोन लाख होते. १९७५ पर्यंत ते साडेसहा लाखांच्या पुढे जातील, असा अंदाज योजनाकारांनी बांधला.

एवढ्या मुलांना बसवायचे कुठे, यावर राजकारण्यांचे उत्तर सोपे होते : माझ्या मतदारसंघात! प्रत्येक आमदाराला आपल्या गावी राज्य महाविद्यालय हवे होते. टर्लॉक या शेतीप्रधान गावाला १९५७ मध्ये असे एक महाविद्यालय मंजूर झाले. १९६० मध्ये त्याचे वर्ग भरू लागले ते जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर. त्या भागात टर्की पक्ष्यांचे पालन मोठे, म्हणून लोकांनी महाविद्यालयाचे नाव 'टर्की टेक' पाडले. नेत्यांच्या गावी उगवणारी महाविद्यालये आपल्या वाचकांनाही परकी वाटू नयेत.

दुसरे भांडण संस्थांचे. बर्कली आणि लॉस एंजेलिससारखी केंद्रे असलेले कॅलिफोर्निया विद्यापीठ संशोधनात अग्रेसर. मूळ शिक्षक-प्रशिक्षणातून वाढलेल्या राज्य महाविद्यालयांनाही आता विद्यापीठासारखे व्हायचे होते, डॉक्टरेट द्यायची होती. तिसरी होती स्थानिक 'ज्युनियर कॉलेजे', ज्यांना पुढे कम्युनिटी कॉलेज म्हटले जाऊ लागले. आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या ज्युनियर कॉलेजशी त्यांचा काही संबंध नाही. शालेय शिक्षण पुरे केल्यावर पदवीची पहिली दोन वर्षे तिथे करता येत, शिवाय हाताला काम देणारे अभ्यासक्रमही असत. फ्रेस्नो येथे असे पहिले कॉलेज १९१० मध्येच निघाले होते.

१९५९ मध्ये बेकर्सफिल्डच्या आमदार डोरोथी डोनाहू यांनी ठराव मांडला, की ही ओढाताण थांबवून आधी एक योजना करा. ऑक्सिडेंटल या खासगी महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर कून्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. भांडणाऱ्या दोन पक्षांचा पंच तिसऱ्याच घरचा नेमला, हा शहाणपणा होता. योजनेमागचा खरा मेंदू मात्र विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांचा. पेनसिल्व्हानियातल्या शेतकरी घरात जन्मलेले केर हे कामगार-अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. संपात मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवून आणण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता आणि तोच इथे उपयोगी पडला. डॉक्टरेटच्या प्रश्नावर बोलणी जवळजवळ फिसकटली होती. शेवटी राज्य महाविद्यालयांनी विद्यापीठाच्या सोबतीनेच संयुक्त डॉक्टरेट द्यावी, असा तोडगा निघाला.

एप्रिल १९६० मध्ये गव्हर्नर पॅट ब्राऊन यांनी कायद्यावर सही केली. ते पाहायला डोनाहूबाई राहिल्या नव्हत्या. काही दिवस आधीच न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला होता. कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

तीन दारे

योजनेची रचना अशी. शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेशाची पात्रता. वरच्या एक तृतीयांश मुलांना राज्य महाविद्यालयात. आणि उरलेल्या सर्वांना, अगदी शाळा अर्धवट सोडलेल्या पण अठरा वर्षांच्या व शिकण्याची क्षमता असलेल्या कोणालाही, ज्युनियर कॉलेजचे दार उघडे.

वाचायला हे फार उदार वाटते, पण आकड्यांत एक मेख होती. त्यापूर्वी विद्यापीठ साधारण १५ टक्के मुलांना आणि राज्य महाविद्यालये जवळजवळ निम्म्या मुलांना पात्र धरत. म्हणजे नव्या योजनेने वरची दोन्ही दारे अरुंद केली! जास्त मुलांना शिकवायचे तर स्वस्तात शिकवले पाहिजे, असा सरळ हिशेब त्यामागे होता. ज्युनियर कॉलेजात एका विद्यार्थ्यामागे खर्च कमी आणि त्याचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून निघे. सरकारी तिजोरीवरचा भार त्यामुळे हलका होणार होता.

मग खालच्या दारातून आत आलेल्या मुलाने काय करायचे? त्याच्यासाठी जिना ठेवला होता. ज्युनियर कॉलेजात दोन वर्षे चांगले गुण मिळवा आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात या. त्यासाठी वरच्या संस्थांनी पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावे आणि पुढच्या वर्षांसाठी जागा मोकळ्या ठेवाव्यात, अशी शिफारस झाली. सोळा-सतराव्या वर्षी अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला विसाव्या वर्षी पुन्हा संधी मिळावी, ही या सबंध योजनेतली सर्वांत माणुसकीची कल्पना म्हणावी लागेल. आपल्याकडे एका परीक्षेचा निकाल आयुष्यभर पाठीशी लागतो. त्या मानाने हा विचार आजही ताजा वाटतो.

आणि पैसे? शिक्षण शुल्क शून्य. १८६८ साली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हाच राज्यातल्या रहिवाशांना मोफत शिक्षणाचे वचन दिलेले होते. योजनेने ते पुन्हा उच्चारले. शिकवण्याचा खर्च सरकार करील. प्रयोगशाळा, आरोग्यसेवा, खेळ अशा इतर गोष्टींसाठी विद्यार्थ्याने किरकोळ फी द्यावी. त्या वेळी विद्यापीठाची अशी फी वर्षाला सुमारे १२० डॉलर होती. राहणे, जेवण आणि वाहन उभे करण्याची जागा या सोयी मात्र स्वतःच्या पायावर चालाव्यात, म्हणजे त्यांचा खर्च वापरणाऱ्याने भरावा, असेही त्यात नमूद होते. तेव्हा त्या वाक्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

ऑक्टोबर १९६० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर केर झळकले. सांताक्रूझ आणि अर्व्हाइन येथे १९६५ मध्ये विद्यापीठाची नवी केंद्रे सुरू झाली. देशोदेशीचे शिक्षणतज्ज्ञ ही व्यवस्था पाहायला येऊ लागले.

शुल्क नव्हे, फी!

योजनेतल्या गोष्टी तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्या गेल्या, आणि पुढचे सगळे त्यातून घडले. कोणत्या संस्थेने काय करायचे, हे कायद्यात गेले. कोणाला घ्यायचे, ती टक्केवारी संस्थांच्या नियामक मंडळांनी स्वीकारली. पण मोफत शिक्षणाचा पैसा दरवर्षी द्यायचाच, असे बंधन कोणावरही घातले गेले नाही. तो दर साली अर्थसंकल्पात मागायचा आणि मिळेल तेवढा घ्यायचा.

सहाच वर्षांत चटका बसला. बर्कलीतील विद्यार्थी आंदोलनांनी सामान्य करदाता बिथरला होता. तो राग मतपेटीत उतरवून रोनाल्ड रेगन १९६६ मध्ये गव्हर्नरपदी निवडून आले. जानेवारी १९६७ मध्ये नियामक मंडळाने केर यांना काढून टाकले. 'आलो होतो तसाच जातो आहे, उत्साहाने फायर्ड!' अशी कोटी करून ते बाहेर पडले.

रेगन यांना विद्यार्थ्यांकडून शुल्क घ्यायचे होते. विरोध झाला, पण १९७० मध्ये नियामक मंडळाने १५० डॉलरची 'शैक्षणिक फी' बसवली. तिला शुल्क म्हणायचे नाही, एवढे पथ्य पाळले. कारण शुल्क माफ होते ना! हे शब्दांचे सोवळे चाळीस वर्षे टिकले. २०१० मध्ये मंडळाने एकदाचे मान्य करून 'शैक्षणिक फी'चे नाव 'शिक्षण शुल्क' असे बदलले. तोपर्यंत ती रक्कम शेकड्यांतून हजारांत गेली होती.

मधल्या काळात मोठा घाव घातला तो घरमालकांनी. जून १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' या सार्वमताने मालमत्ता कर घराच्या मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकण्यात आला. वाढत्या करांनी म्हातारी माणसे घरे गमावण्याच्या भीतीत होती, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण ज्या करावर ज्युनियर कॉलेजे उभी होती तोच आटला. पूर्णपणे मोफत असलेल्या या कॉलेजांत १९८४ पासून सत्राला ५० डॉलरपर्यंत फी सुरू झाली.

त्यानंतर एक रिवाजच पडला. मंदी आली की सरकार अनुदान कापणार आणि विद्यापीठ फी वाढवणार. १९९० नंतरच्या चार वर्षांत विद्यापीठाची फी दुपटीहून अधिक झाली. नोव्हेंबर २००९ मध्ये एकदम ३२ टक्के वाढ मंजूर झाली तेव्हा बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी व्हीलर हॉलचा ताबा घेतला. तरी २०११-१२ मध्ये वार्षिक शुल्क १२ हजार डॉलरवर गेलेच. चांगल्या दिवसांत फी परत खाली आली, असे क्वचितच घडले.

त्याच २०११ मध्ये उच्च शिक्षणाचे दीर्घकालीन नियोजन करणाऱ्या राज्य आयोगाचा निधी बंद करण्यात आला आणि आयोग गुंडाळला गेला. निधी कापणारे गव्हर्नर होते जेरी ब्राऊन. १९६० च्या कायद्यावर सही करणाऱ्या पॅट ब्राऊन यांचे ते चिरंजीव!

जिना चढतो कोण?

तरीही सगळेच बुडाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६० ची चौकट आजही उभी आहे. विद्यापीठाची दहा केंद्रे आहेत, राज्य महाविद्यालयांची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी झाली असून तिथे साडेचार लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात आणि ११६ कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी खुली आहेत. तिथली फी प्रति युनिट ४६ डॉलर, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत कमी दरांपैकी, आणि गरजू विद्यार्थ्यांना तीही माफ होते. विद्यापीठातही मदतीच्या योजनांमुळे राज्यातल्या निम्म्याहून अधिक पदवी विद्यार्थ्यांना शुल्क भरावे लागत नाही. प्रवेशाच्या वर्षी ठरलेले शुल्क सहा वर्षे वाढवायचे नाही, असा निर्णय २०२१ मध्ये झाला. पालकाला निदान हिशेब मांडता येतो. मधल्या उत्पन्नगटाची, ना गरीब ना श्रीमंत अशी जी कुटुंबे आहेत, त्यांची मात्र ओढाताण होते.

कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांना, त्यांत मराठी मंडळी आलीच, या व्यवस्थेची चांगली माहिती आहे. वर्षभराहून अधिक वास्तव्य आणि इतर अटी पुऱ्या केल्या की मुलांना रहिवाशाचा दर लागतो. भारतातून विद्यार्थी व्हिसावर थेट गेलेल्याला मात्र तिपटीच्या आसपास मोजावे लागतात. अनुदान आटल्यावर अशा बाहेरच्या विद्यार्थ्यांचे पैसे विद्यापीठाला हवेसे वाटू लागले. स्थानिक पालक चिडले, तेव्हा २०१७ मध्ये त्यांच्या संख्येवर बहुतेक केंद्रांत १८ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली.

सर्वांत दुखरी जागा आहे ती जिना. वरच्या संस्थेत जाण्याच्या इराद्याने कम्युनिटी कॉलेजात आलेल्या पाचांपैकी एकालाही चार वर्षांत ते साधत नाही, असे पाहणीत दिसले. एका कॉलेजात मान्य झालेला विषय दुसरीकडे चालत नसे. पूरक वर्गांतच वर्षे जात. २०१० आणि २०१७ मध्ये कायदे करून हे अडथळे कमी करण्याचा प्रयत्न झाला. पण नोकरी सांभाळून संध्याकाळी एक-दोन विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला कायदा वेळ कुठून देणार?

आता फीपेक्षा भारी पडते ते घरभाडे. राहणे, जेवण आणि वाहनतळ ज्याचे त्याने पाहावे, हे १९६० चे वाक्य त्या काळी निरुपद्रवी होते. आज कित्येक विद्यार्थ्यांच्या खर्चात तोच आकडा सर्वांत मोठा असतो. लाँग बीच सिटी कॉलेजने २०२१ मध्ये एक योजना सुरू केली. घर नसलेल्या आणि स्वतःच्या गाडीतच झोपणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना रात्री कॉलेजच्या वाहनतळात गाडी उभी करता येईल. तिथे पहारा असेल, वायफाय मिळेल आणि सकाळी अंघोळीची सोय होईल.