चाळिशीनंतर काट्याकडे नको, कमरेकडे बघा

पुण्यात कात्रजच्या तलावाकडे सकाळी चालायला येणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीची मंडळी भरपूर. नेम कौतुकाचाच, पण काही महिन्यांनी "एवढं चालतो, तरी वजन काही उतरत नाही" ही तक्रार सुरू होते आणि पाऊस लागला की नेमही सुटतो. यात दोष आळसाचा कमी आणि ऐकीव समजुतींचा जास्त. या वयात व्यायाम कमी करायचा नसतो, त्याचा रोख बदलायचा असतो: स्नायू राखायचे आणि पोटावरची चरबी उतरवायची.

गैरसमज: चाळिशीत चयापचय मंदावतो, मग वजन वाढणारच.
वस्तुस्थिती: २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक लोकांची मोजमापे २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. शरीराचे आकारमान आणि त्यातले स्नायू-चरबीचे प्रमाण हिशेबात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळपास स्थिर राहतो. बदलते ती राहणी. दिवसभर खुर्ची, येता-जाता दुचाकी, रात्री उशिरा जेवण, अपुरी झोप. त्यातच तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांची चरबी पोटाकडे साठू लागते. पाळी जाणे आपल्या हातात नाही. बाकीचे बरेचसे आहे.

गैरसमज: वजन बेताचे, म्हणजे प्रकृती उत्तम.
वस्तुस्थिती: याला सर्वांत बोलके उत्तर पुण्यातूनच मिळाले. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने दोघांचे छायाचित्र या आकड्यांसह छापले. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची ठेवण आहे. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की जादा वजन धरतात. घरी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर माप गेले, तर सावध व्हायला हवे.

गैरसमज: रोज दहा हजार पावले झाली की काम झाले.
वस्तुस्थिती: हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकामुळे रुजला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो. मात्र चाल रमतगमत नको. बोलता येईल पण गाता येणार नाही इतकी धाप लागू द्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला अशी १५० ते ३०० मिनिटे सांगते आणि सोबत निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायामही. हा दुसरा भागच बहुतेकांचा राहून जातो.

गैरसमज: वजने उचलणे हे तरुणांचे काम, आपले गुडघे जातील.
वस्तुस्थिती: मांडीचे स्नायू दणकट असतील तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. जिमच लागते असे नाही. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून दहा वेळा सावकाश उठा-बसा, भिंतीला टेकून जोर काढा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला. शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्या पाहिजेत. हलक्या वाटू लागल्या की भार वाढवा. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी यांतले काही रोज हवेच.

गैरसमज: एरवी नाही जमले तरी एक कात्रज-सिंहगड ट्रेक केला की भरपाई होते.
वस्तुस्थिती: कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून निघणारी ही वाट एकामागून एक टेकड्या चढवते आणि उतरवते. सराव नसलेल्या मांड्या-गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. आधी दोन-तीन महिने जिने आणि छोट्या टेकड्या करा, मग खुशाल जा.

गैरसमज: तासभर चाललो, आता वडापाव चालेल.
वस्तुस्थिती: सत्तर किलोच्या माणसाचे तासभराच्या भरभर चालण्यात सुमारे तीनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावने त्या जवळजवळ परत येतात. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. उतरताना स्नायू शाबूत राखणे आणि पुन्हा वाढू न देणे हे व्यायामाचे काम. घाम गेल्याने हलका झालेला काटा पाणी प्यायल्यावर पूर्ववत होतो. पोटाचे व्यायाम करून नेमकी पोटाचीच चरबी झडत नाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी सध्याच्या फेऱ्या चालू ठेवून त्यात आठवड्याचे दोन दिवस खुर्चीच्या उठाबशा आणि भिंतीवरचे जोर घालावेत, आणि महिन्यातून एकदा कमर मोजावी. काटा जागचा हलला नाही तरी कमरेचे माप उतरत असेल, जिना चढताना धाप कमी लागत असेल, तर व्यायाम लागू पडतो आहे. तो सोडू नका.